मुलं पटांगणात आली, पण मोजली कोणी? शाळा रिकामी करण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

परिपाठ संपता संपता सूचना होते, ‘आज चौथ्या तासाला आगीचा सराव आहे.’ चौथ्या तासाला घंटा वाजते तेव्हा मुलं चपला घालून दाराशीच उभी असतात. चार मिनिटांत शाळा पटांगणात येते, फोटो निघतो, तो व्हॉट्सॲपच्या गटावर जातो आणि अहवालात ‘मॉक ड्रिल यशस्वी’ असं लिहून होतं.

आमच्या शाळेत असाच एक सराव झाला होता. प्रत्येक वर्गशिक्षकाने ‘सगळे आले’ असं सांगितलं. मुलं वर्गात परतल्यावर कळलं, की शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसलेल्या दोन मुली कोपऱ्यातल्या खोलीतून बाहेर आल्याच नव्हत्या. त्यांना घंटा ऐकूच गेली नव्हती. आम्ही पंधरा मिनिटं पटांगणात उभे होतो आणि त्या दोघी नाहीत हे एकाच्याही लक्षात आलं नाही. त्यांचे वर्गशिक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांच्यासमोर रांग उभी होती, ती भरलेली दिसली, म्हणून त्यांनी ‘सगळे’ म्हटलं.

शाळा रिकामी करणं म्हणजे तीन कामं असतात: मुलांना बाहेर काढणं, त्यांना मोजणं आणि ओळखीच्या माणसाच्या हाती देणं. सराव होतो तो फक्त पहिल्याचा. पुढचे टप्पे तिन्ही कामांचे आहेत. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने ते ह्याच क्रमाने करावेत, कारण मागचा टप्पा कच्चा राहिला की पुढचा हमखास फसतो.

## १. आधी शाळा पायी फिरून बघा

नकाशा काढण्याआधी एक फेरी मारा. शाळा भरलेली असताना, मधल्या सुट्टीच्या जरा आधी. सोबत शिपाई हवेत, कारण कुलपं कुठे आहेत हे त्यांनाच माहीत असतं. एक वही घ्या आणि लांबच्या वर्गापासून फाटकापर्यंत मुलांच्या वाटेने चालत या. वाटेत हे लिहा:

- कुलूप लावलेलं प्रत्येक दार, ग्रिल आणि फाटक. मागच्या जिन्याचं लोखंडी ग्रिल चोरीच्या भीतीने बंद असतं आणि त्याची किल्ली कार्यालयातल्या जुडग्यात असते. आग लागल्यावर कार्यालयात जाऊन जुडग्यातून किल्ली शोधणं कुणालाही जमणार नाही.
- जिन्याखाली रचलेले मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिका, स्नेहसंमेलनाचे पडदे. जिन्याखालची आग जिन्यातूनच वर चढते. तिथे काहीही ठेवू नका, ‘तात्पुरतं’ सुद्धा नाही.
- दारं कुठल्या बाजूला उघडतात. बाहेर पडण्याची दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत आणि शाळेच्या जिन्याची रुंदी किमान दीड मीटर असावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. जुन्या इमारतीत हे बदलता येत नसेल, तर तो जिना कोणत्या वर्गांनी वापरायचा हे तरी बदला.
- फाटकासमोर उभ्या केलेल्या शिक्षकांच्या मोटारसायकली. अग्निशमन दलाची गाडी आत यायची तर तीच जागा मोकळी लागते.
- पोषण आहाराचं स्वयंपाकघर. सिलिंडर कुठे आहे, त्याची नळी कधी बदलली, जवळ काय जळण्यासारखं आहे. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं दगावली, त्या आगीची सुरुवात स्वयंपाकाच्या जागेतून झाली होती आणि वरच्या मजल्यावर गवती छप्पर होतं. स्वयंपाकघर वर्गाला लागून असेल, तर ह्या फेरीतली पहिली दुरुस्ती तीच.

जमायची जागा ह्याच फेरीत ठरवा. इमारत पडली तरी तिचा मलबा पोचणार नाही इतकी ती लांब हवी, वरून विजेच्या तारा जाऊ नयेत आणि फाटकाच्या वाटेत ती नसावी. गावाकडच्या शाळांत मुलं सवयीने वडाखाली किंवा लिंबाखाली जमतात. उन्हाळ्यात ते ठीक, पण वादळी पावसात झाड ही सगळ्यात वाईट जागा. म्हणून पावसाळ्यासाठी दुसरी जागा आधीच बोलून ठेवा: देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचं सभागृह, शेजारचं मंगल कार्यालय. तिथल्या माणसाला एकदा प्रत्यक्ष भेटून या आणि त्यांची किल्ली कोणाकडे असते तेही विचारून घ्या.

सावधान: शाळेच्या वेळेत बाहेर पडण्याच्या वाटेवर कुलूप नको. चोरीची भीती असेल तर आतून हाताने सरकणारी कडी लावा. कुलूप लावावंच लागत असेल, तर त्याची किल्ली त्याच मजल्यावर, ठरलेल्या खिळ्याला असावी आणि जुडग्यातल्या किल्लीहून वेगळी असावी.

तपासा: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ तुमच्या इमारतीला लागू असेल, तर परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत ‘बी’ फॉर्म, म्हणजे आगीपासून बचावाची साधनं सुस्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो फाइलमध्ये आहे एवढ्यावर थांबू नका. एजन्सीचा माणूस आग विझवायचे सिलिंडर तपासताना सोबत उभे राहा. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिनेचं सील शाबूत आहे ना, हे दर महिन्याला शिपाईसुद्धा बघू शकतात. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजनावरून तपासतात.

## २. कोण काय करणार

बहुतेक शाळांच्या भिंतीवर ‘आपत्ती व्यवस्थापन समिती’ चा तक्ता असतो. त्यात नावं असतात आणि त्यातली दोघं-तिघं केव्हाच बदली होऊन गेलेली असतात. कामं माणसाच्या नावाला बांधू नका, जागेला बांधा. ‘जिन्याला लागून असलेल्या वर्गात त्या तासाला जे शिक्षक असतील, ते जिन्यावर उभे राहतील,’ असं लिहिलं की रजा, बदली, प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, कशानेही तक्ता मोडत नाही.

कामं मोजकीच आहेत. घंटा वाजवणारा. फोन करणारा. फाटक उघडून रस्त्यावर उभा राहणारा. प्रत्येक मजल्यावरची स्वच्छतागृहं, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि संगणक कक्ष बघून येणारा. मोजणीचे आकडे गोळा करणारा. पालकांच्या रांगेवर बसणारा. विजेचा मुख्य स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करणारा. दोन शिक्षकी शाळेत ही सगळी कामं दोघांवर, स्वयंपाकी मावशींवर आणि सातवीतल्या मुलांवर येतील. मग आकडे गोळा करणं आणि फोन ही दोन कामं मोठ्यांनी ठेवावीत, बाकीची वाटून द्यावीत. मुलांना मात्र इमारतीत परत पाठवावं लागेल असं एकही काम देऊ नका.

मुख्याध्यापक नसताना निर्णय कोण घेणार, हे लिहून ठेवा. आणि त्याहून महत्त्वाचं: धूर किंवा आग दिसली की घंटा वाजवायला कुणाचीही परवानगी लागत नाही, हे सगळ्यांना सांगा. आधी कार्यालयात जाऊन साहेबांना विचारायचं, मग साहेब वर येऊन बघणार, मग घंटा, ह्यात पाच मिनिटं सहज जातात. शिपायांना, मावशींना, पाचवीतल्या पोरालाही ही मुभा हवी. घंटा चुकून वाजली तर एक तास वाया जाईल, आणि तेवढी किंमत परवडते.

## ३. घंटेचे दोनच अर्थ

सायरन वेगळा, शिट्टी वेगळी, माइकवरची घोषणा वेगळी, असं पाच-सहा खुणांचं वेळापत्रक काही शाळा करतात. मुलांच्या ते लक्षात राहत नाही आणि शिक्षकांच्याही नाही. दोनच खुणा ठेवा:

- न थांबता वाजणारी घंटा: बाहेर पडा.
- तीन टोले, थांबा, तीन टोले, थांबा: आत या, दारं लावा, बसून राहा.

विजेची बेल असली तरी पितळी टोल काढून टाकू नका. वीज गेलेली असते तेव्हाच त्याची गरज जास्त पडते. आणि गॅसचा वास येत असेल तर विजेची बेल, पंखा, दिवा, कशाचंही बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. तेव्हा टोल हातानेच वाजवायचा.

तपासा: कुणाला तरी घंटा वाजवायला सांगा आणि स्वतः सगळ्यात लांबच्या खोलीत, दार लावून, पंखा चालू ठेवून बसा. ऐकू येते का? मग स्वच्छतागृहात जाऊन ऐका. तिथे पोचत नसेल तर दुसरी घंटा बसवा. वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल, तर त्याच्या शेजारच्या मुलाने खांद्यावर हात ठेवून उठवायचं, हे त्या दोघांना आजच शिकवा.

## ४. बाहेर पडायचं की आत थांबायचं?

इथे फार गल्लत होते, कारण सराव फक्त आगीचा झालेला असतो. मुलांच्या डोक्यात ‘घंटा म्हणजे पळा’ एवढंच बसतं.

आग, धूर, गॅसचा वास: बाहेर.

भूकंप: जमीन हलत असताना कुणीही पळायचं नाही. बाकाखाली शिरायचं, डोकं-मान झाकायची, बाकाचा पाय घट्ट धरायचा. हलणं थांबल्यावरच बाहेर. मुलं बसकरपट्टीवर बसत असतील तर खिडकी आणि कपाटापासून लांब, आतल्या भिंतीला टेकून बसायचं आणि दप्तर डोक्यावर धरायचं. मंगलोरी कौलांच्या शाळेत दाराच्या तोंडाशी गर्दी होणं धोक्याचं, कारण कौलं तिथेच कोसळतात. कोयना परिसर, डहाणू-तलासरी, हिंगोली-नांदेडचा पट्टा, इथल्या शाळांनी हा सराव आगीच्या सरावाइतकाच नियमित घ्यायला हवा.

विजा: आत. गडगडाट ऐकू आला की पटांगणावरचा तास बंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप शिक्षकांच्या फोनवर असू द्या. पण ढग दिसत असताना ॲपच्या सूचनेची वाट बघू नका.

आग्या मोहोळ उठलं: आत, खिडक्या-दारं बंद. पटांगणातल्या मुलांनी हातवारे न करता, तोंड झाकून सरळ इमारतीत पळायचं. डंख लागल्यावर काटा नखाने खरवडून लगेच काढायचा. चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला किंवा मूल ढिलं पडलं, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन.

बाहेरचा माणूस आत शिरून मारहाण करतोय, पिसाळलेलं कुत्रं आवारात आलंय: आत. दार लावून मुलांना खिडकीतून दिसणार नाही अशा भिंतीशी बसवायचं आणि शांत राहायचं.

साप: संपूर्ण शाळा हलवायची गरज नाही. तो वर्ग रिकामा करा, एका मोठ्या माणसाने लांबून लक्ष ठेवायचं, सर्पमित्राला बोलवायचं. दंश झाला असेल तर तो अवयव हलू न देता मुलाला आडवं ठेवून, लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. चिरा देणं, चोखणं, दोरी आवळणं ह्यातलं काही करू द्यायचं नाही, गावातलं कितीही मोठं माणूस सांगत असलं तरी. कोणत्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस असते, हे जूनमध्येच जाऊन विचारून ठेवा.

## ५. वर्गातून पटांगणापर्यंत

आता प्रत्यक्ष बाहेर पडणं. क्रम असा:

१. घंटा वाजताच शिक्षक पहिली गोष्ट हातात घेतात ती हजेरीपट. फोन नाही, पर्स नाही.

२. शिक्षक दाराशी जाऊन व्हरांड्यात बघतात. धूर नसेल तरच रांग सोडतात. दार बंद असेल तर आधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघतात. गरम लागलं तर ते दार उघडायचं नाही.

३. दाराजवळची रांग आधी, एकेरी. दप्तर नाही, डबा नाही, पाण्याची बाटली नाही.

४. चपला. आपल्याकडे बहुतेक शाळांत चपला वर्गाबाहेर काढतात आणि घंटा झाली की चाळीस मुलं दारातच आपापला जोड शोधायला वाकतात. मागचं मूल पुढच्यावर पडतं. चपलांचा ढीग दारासमोर नकोच, दारापासून दोन पावलं बाजूला, भिंतीला लागून रांगेत हवा. घंटा झाली की अनवाणी चालायचं. हा एक मुद्दा सरावात घटवून घ्या, दारातली निम्मी कोंडी तिथेच सुटते.

५. जिन्यावर कठड्याच्या बाजूने, एक हात कठड्यावर. पळायचं नाही, ओलांडायचं नाही. जिन्याच्या वळणावर एक शिक्षक उभे. तळमजल्याचे वर्ग आपल्या दारांनी सरळ बाहेर पडतील, जिन्याच्या तोंडाशी येणार नाहीत. वरच्या मजल्यांपैकी जिथे आग आहे तो मजला आधी, मग त्याच्या वरचा, मग खालचा.

६. सगळ्यात शेवटी शिक्षक. वर्गात एकदा बाकांखाली नजर टाकून दार ओढून घ्यायचं, कडी लावायची नाही. बंद दार धूर अडवतं, कडी मात्र आत राहिलेल्या मुलाला अडवते.

चालता न येणाऱ्या मुलासाठी ‘कुणीतरी घेईल’ असं चालत नाही. त्याच्यासाठी दोन मोठी माणसं आणि दोन बदली माणसं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि खुर्चीसकट उचलून जिना उतरण्याचा सराव त्या मुलाला विचारून, त्याच्यासोबत घ्या. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे तो वर्ग तळमजल्यावर आणणं. ‘दहावीचे वर्ग वरच असतात’ हे काही कारण नव्हे.

जिन्यात धूर भरलेला असेल तर खाली उतरायचं नाही. दुसरा जिना नसेल तर वर्गातच परत यायचं, दार लावायचं, दाराखालच्या फटीत ओले कपडे कोंबायचे, मुलांना खाली बसवायचं आणि रस्त्याच्या बाजूच्या खिडकीतून ओढणी किंवा रुमाल हलवायचा. ह्या खिडकीला घट्ट बसवलेलं ग्रिल असेल, तर पहिल्या फेरीतच ते लिहून ठेवा आणि उघडणारं करून घ्या.

सावधान: सिलिंडरने आग विझवायला जाणाऱ्या माणसाची पाठ बाहेर पडायच्या दाराकडे हवी. पिन काढा, नळी ज्वालांच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. शाळेतला नेहमीचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आतच रिकामा होतो. एका सिलिंडरमध्ये विझली नाही तर दुसरा शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं.

सावधान: मुख्य स्विच बंद करायची घाई करून जिन्यावर अंधार करू नका. जिन्याच्या दिव्यांचा मार्ग वेगळा काढून घेता आला तर उत्तम. नाहीतर शेवटची रांग उतरेपर्यंत फक्त आग असलेल्या भागाची वीज बंद करा.

## ६. मोजणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

पहिली चूक सकाळीच झालेली असते. हजेरीपट परिपाठानंतर भरला जातो, पण उशिरा आलेली मुलं त्यात नंतर ‘घेऊन टाकू’ म्हणून राहतात. मधेच आई घेऊन गेलेलं मूल कागदावर हजरच असतं. संध्याकाळी पट पूर्ण करायची सवय असेल तर ह्या मोजणीत काहीच हाती लागणार नाही. पहिल्या तासाच्या शेवटी प्रत्येक वर्गाने एक आकडा कार्यालयात द्यायचा: आज हजर किती. मधे कुणी आलं-गेलं की आकडा बदलायचा. हा आकडा दोन ठिकाणी असावा, हजेरीपटात आणि कार्यालयातल्या पाटीवर. बाहेर पडताना ती पाटी लिपिकाने उचलून आणायची.

दुसरी चूक म्हणजे वर्गाबाहेरची मुलं. मधल्या वेळी शाळेत किती मुलं आपल्या वर्गात नसतात, ह्याचा एकदा हिशेब करा: पाणी प्यायला गेलेली, स्वच्छतागृहात, खडू आणायला, पोषण आहार वाटायला, खेळाच्या संघात, शिष्यवृत्तीच्या तासाला, वर्गाबाहेर उभं केलेलं एखादं. ही मुलं घंटा होताच जो दरवाजा जवळ आहे तिथून बाहेर पडतील आणि मित्राच्या रांगेत उभी राहतील. म्हणजे एका रांगेत एक जास्त आणि दुसरीत एक कमी. म्हणूनच डोळ्यांनी ‘भरलेली’ रांग बघून काही कळत नाही.

करायचं असं:

१. वर्ग आपल्या ठरलेल्या खुणेवर उभा राहतो. खुणा चुन्याने नाही, जमिनीत पुरलेल्या दगडांवर किंवा भिंतीवर रंगाने केलेल्या असाव्यात.

२. शिक्षक आधी डोकी मोजतात. प्रत्येक मुलाच्या खांद्याला हात लावून, मोठ्याने.

३. मग नावं घेतात. डोकी जुळली तरी नावं घ्यायचीच. डोकी चौतीस भरतात आणि त्यात एक पाहुणा मूल असतं, हे फक्त नावं घेतल्यावरच कळतं.

४. पाहुणा मूल सापडलं तर त्याला ‘जा तुझ्या रांगेत’ म्हणून सोडू नका. ते आहे तिथेच ठेवा आणि त्याचं नाव व वर्ग कागदावर लिहून आकडे गोळा करणाऱ्याकडे पाठवा. धावत निघालेलं मूल दोन्ही मोजण्यांतून निसटतं.

५. शिक्षक ‘सगळे आले’ हे शब्द वापरत नाहीत. ते एवढंच सांगतात: ‘सहावी ब. हजर चौतीस, समोर तेहतीस. एक कमी: अमुक नाव. शेवटचं दिसलं पाण्याच्या टाकीशी.’ वर्ग पूर्ण असेल तर शिक्षक हिरवा पुठ्ठा वर धरतात, कमी असेल तर लाल. लांबूनच कळतं कुणाकडे आधी जायचं.

६. आकडे गोळा करणारा पाटीवरच्या आकड्याशी ताळा करतो. विद्यार्थी झाले की शिक्षक, शिपाई, स्वयंपाकी मावशी, आलेले पालक, काम करणारा गवंडी किंवा रंगारी, ह्यांचीही मोजणी. त्यासाठी फाटकावरची अभ्यागत वही बाहेर आणलेली हवी.

सावधान: एक मूल कमी आहे हे कळल्यावर शिक्षकाचा जीव आत ओढ घेतो. मला ते समजतं, तिथे उभा राहिलो तर मीही तसाच धावेन असं वाटतं. पण धूर भरलेल्या इमारतीत शिक्षक शिरला की शोधायची माणसं दोन होतात आणि त्या वर्गापाशी कुणीच राहत नाही. मुलाचं नाव, त्याचा वर्ग आणि शेवटची दिसलेली जागा ही माहिती अग्निशमन दलाच्या प्रमुखाच्या हाती पहिल्या मिनिटाला पडणं, ह्यानेच त्या मुलापर्यंत सगळ्यात लवकर पोचता येतं.

मोजणी संपेपर्यंत कुठलंही मूल कुणाच्याही हाती द्यायचं नाही. पहिला पालक आकडा पुरा व्हायच्या आतच येतो, हे धरून चाला.

## ७. फोन आणि फाटक

हे काम मोजणीच्या बरोबरीने चालतं, तिची वाट बघत नाही. ११२ हा एक नंबर पोलीस, आग, वैद्यकीय मदत, तिन्हींसाठी चालतो. आगीला १०१, रुग्णवाहिकेला १०८. मुंबईत महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६ वर, बाकी ठिकाणी जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ वर. छोट्या गावात जवळची अग्निशमन गाडी नगर परिषदेची असते की एमआयडीसीची, हे आधी विचारून त्यांचा थेट नंबर फोनशेजारी रंगवून ठेवा.

फोनवर काय बोलायचं तेही लिहून चिकटवा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या शाळेचा पत्ता सांगता येत नाही: शाळेचं नाव, गाव, कोणत्या रस्त्याने यायचं, ठळक खूण, काय झालंय, किती मुलं, कुणी आत आहे का. पलीकडचा माणूस ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मग एक माणूस मुख्य रस्त्याच्या वळणावर उभा राहतो आणि गाडीला आत आणतो.

## ८. पालकांच्या हाती देणं

बातमी दहा मिनिटांत गावभर होते. बाहेर गर्दी जमते, भिंतीवरून हाका सुरू होतात आणि मुलं रांग सोडून आईकडे धावतात. अर्ध्या तासाने कुणीच सांगू शकत नाही, कोणतं मूल घरी गेलं आणि कोणतं हरवलं.

पालकांना पहिला निरोप शाळेकडूनच जायला हवा. तो आधीच लिहून ठेवा: ‘शाळेत (काय) झालं आहे. मुलं (कुठे) आहेत. (किती) वाजल्यापासून मागच्या फाटकातून मुलं दिली जातील. ओळखपत्र आणा. मोटार रस्त्यावर लावू नका.’ मोजणी पूर्ण झालेली नसेल तर ‘सर्व सुरक्षित’ असं लिहू नका. नंतर ते खोटं ठरलं तर पुढचा एकही निरोप पालक मानणार नाहीत. प्रत्येक शिक्षकाने आपापल्या गटावर वेगळं काही लिहायचं नाही.

पालकांचं फाटक आणि गाड्यांचं फाटक वेगळं. एकच असेल तर पालकांना रस्त्याच्या पलीकडे थांबवा. फाटकाशी एक टेबल, त्यावर प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेली यादी: हे मूल कोण नेऊ शकतं, दोन किंवा तीन नावं, फोटोसह. पालक टेबलाशी नाव सांगतात, यादीत बघितलं जातं, मग धावपळ करणारी दोन मोठी मुलं किंवा शिपाई त्या मुलाला घेऊन येतात. पालक आत जात नाहीत. मूल माणसाला ओळखतं, नाव यादीत आहे आणि सही व वेळ नोंदली आहे, ह्या तिन्ही गोष्टी झाल्यावर मूल सुटतं.

‘मी त्याचा मामा आहे’, ‘शेजारीच राहतो, ओळखतात मला सगळे’, हे खरंही असेल. तरीही यादीत नाव नसेल तर आईला किंवा वडिलांना फोन करून, त्यांच्याशी बोलून, तसं लिहूनच मूल द्यायचं. आई-वडील वेगळे राहत असतील त्या घरांत ही यादी दरवर्षी नव्याने भरून घ्या. रिक्षावाल्या आणि व्हॅनवाल्या काकांकडे त्यांच्या मुलांची यादी हवी. त्यांना मुलं द्यायची तर सगळी मोजून, सहीने. सायकलीने येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांनाही ‘जा रे घरी’ म्हणून सोडायचं नाही.

तपासा: शेवटचं मूल जाईपर्यंत किमान दोन शिक्षक थांबतील, त्यातल्या एक बाई असतील, हे तक्त्यात लिहिलंय का? पाणी आणि सावलीची सोय आहे का? कामावर गेलेल्या आईला पोचायला तीन-तीन तास लागतात.

## ९. मंडपाचा दिवस वेगळा

वरची सगळी रचना शाळेच्या इमारतीसाठी आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती उपयोगी पडत नाही, कारण त्या दिवशी मुलं वर्गवार नसतात, पालक आत असतात आणि सगळे कापडाखाली बसलेले असतात. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवाली इथे शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली. आपल्याकडेही गॅदरिंगचा हंगाम डिसेंबरचाच.

मंडपवाल्याला सांगायच्या गोष्टी: समोरासमोर किमान दोन रुंद वाटा, त्यांच्यापुढे खुर्च्या नाहीत, कनात बांधून बंद केलेली नाही. सिंथेटिक कापड नको. विजेची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, उघड्या जोडांना चिकटपट्टी लावून भागवायचं नाही. जनरेटर आणि जेवणाची भट्टी मंडपापासून लांब. कार्यक्रम सुरू होण्याआधी सूत्रसंचालकाने वाटा कुठे आहेत ते माइकवरून सांगायचं. रंगभूषेच्या खोलीतल्या मुलांची यादी एका बाईंकडे असू द्या. त्या मुलांचा त्या दिवशी कुठल्याच हजेरीत पत्ता नसतो.

## १०. सराव कसा घ्यायचा

पहिला सराव सांगून घ्या. फक्त चालत, वर्गवार, वाट दाखवण्यासाठी. लहान मुलांना ‘आग लागली’ असं ओरडून घाबरवू नका, धूर करू नका, कागद पेटवू नका. दुसरा सराव शिक्षकांना सांगून, मुलांना न सांगता. तिसरा कुणालाच न सांगता, आणि तोही मधल्या सुट्टीत. मधल्या सुट्टीत मुलं विखुरलेली असतात. म्हणूनच हा सराव टाळला जातो आणि म्हणूनच तो घ्यायचा.

न सांगता घेतलेल्या सरावात दोन अडथळे मुद्दाम ठेवा. एका जिन्याच्या तोंडाशी एक शिक्षक लाल फडकं घेऊन उभे करा: ‘इथे धूर आहे.’ वर्ग दुसऱ्या वाटेने वळतात का ते बघा. आणि एका मुलाला, त्याच्या घरी आधी सांगून, एका शिक्षिकेसोबत ग्रंथालयात बसवून ठेवा. त्याच्या वर्गशिक्षकांना कल्पना देऊ नका. लाल पुठ्ठा किती मिनिटांनी वर जातो, ते घड्याळ लावून मोजा. तो वर गेलाच नाही, तर शाळा दोन मिनिटांत रिकामी झाली असली तरी तो सराव नापास.

सराव झाल्यावर त्याच दिवशी, मुलं घरी गेल्यावर, वीस मिनिटं बसा. शिपाई आणि मावशींनाही बसवा. कुठली घंटा ऐकू आली नाही, कुठलं कुलूप उघडलं नाही, कुणाचा आकडा चुकला, एवढंच बोला. वहीत तीन रकाने पुरतात: काय अडलं, कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या सरावाची सुरुवात ती वही उघडून, मागच्या पानावरची कुलपं स्वतः हाताने उघडून बघूनच करा.